खोक्यांची मालकीण

कापडावर खडूची शेवटची रेघ ओढून ताईनं कात्री चालवायला घेतली, तेवढ्यात दुकानाच्या दारात तिचा धाकटा भाऊ येऊन उभा राहिला. खांद्याला भली मोठी पिशवी आणि चेहऱ्यावर काम काढून आलेल्या माणसाचं हसू. ताईनं कात्री थांबवली नाही. अर्ध्यात सोडलेलं कापड बिघडतं. भाऊ काय, ताटकळला तरी कुठे जात नाही.

“बस. स्टुलावरचं अस्तर बाजूला कर,” ती म्हणाली. “आणि खोक्यांचं बोलायला आला असशील तर मागच्या वर्षी फोनवर दिलं तेच उत्तर आहे.”

“अगं, मला बोलू तर दे.”

“तू बोलायला लागलास की मी विरघळते. म्हणून आधी मीच बोलणार.”

शिलाई मशीनच्या वरच्या फळीवर ती खोकी ओळीनं उभी होती. प्रत्येकावर एकेका मोटारीचं चित्र, आत त्याच रंगाची बटणं. गिऱ्हाइकानं जांभळं बटण मागितलं की ताईचा हात न बघता जांभळ्या मोटारीवर जायचा.

वडील बोटीवर नोकरीला होते. प्रत्येक सफरीवरून एक छोटी मोटार आणायचे. तळहातात मावणारी, दारं उघडणारी, खऱ्यासारखी हुबेहूब. मोटार धाकट्याला मिळायची आणि रिकामं खोकं ताईला. “तू शहाणी ना,” असं वर म्हणायचे. शहाण्या मुलीला त्या वयात शहाणपण नको होतं, मोटार हवी होती. पण तिनं ती कधी मागितली नाही. खोक्याचा मात्र एक कोपराही दुमडू दिला नाही. पुढं धाकट्यानं काचेचं कपाट करून गाड्या मांडल्या, तेव्हाही ती त्या कपाटाकडे पाठ करूनच बसायची.

मग एकाएकी खोक्यांना भाव आला. मूळ खोक्याशिवाय मोटार अर्धीच, असं शौकीन मंडळी म्हणू लागली आणि भावाला बहिणीची आठवण झाली. अडला हरी गाढवाचे पाय धरी, हे ठीक. पण गाढव व्हायची ताईची तयारी नव्हती.

तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. “मोटार तुला, कौतुक तुला, बघायला येणारी माणसं तुझ्याकडे. माझ्याकडे काय आलं? पुठ्ठा. आता तोही हवा? मग बटणं काय पदरात बांधून फिरू?”

“झालं बोलून?”

“तूर्तास.”

भावानं पिशवीतून एक पायमोजा काढला. मग दुसरा. मग पायमोज्यांचा ढीगच. कापायच्या टेबलावर एकेक मोजा त्यानं हलक्या हातानं उलटा केला आणि प्रत्येकातून एक मोटार निघाली. पांढरी एका बाजूनं पिवळी पडली होती. निळीचा टप विटला होता. हिरवीचं एक टायर फाटून लोंबत होतं.

“काचेला चिकटून बसलं होतं. सोडवताना तुटलं,” तो म्हणाला. “झोकात दिसावं म्हणून कपाटात दिवे लावले, त्यांची धग आणि वर खिडकीतलं ऊन. मीच वाट लावली त्यांची.”

ताईनं हिरवी मोटार उचलली आणि फाटलेलं टायर अंगठ्यानं जागेवर दाबून पाहिलं. तिला भावाचा रागही आला आणि कीवही आली, आणि मोटारीचं तर फारच वाईट वाटलं.

“इतकं होईपर्यंत झोपला होतास का रे? ने ती खोकी. आजच ने. बटणांचं मी बघते काहीतरी.”

“खोकी न्यायला आलोच नाहीये मी.”

“मग?”

“गाड्या ठेवायला आलोय. तुझ्याकडे एवढी वर्षं पुठ्ठा नवाकोरा राहिला, माझ्याकडे धातू टिकला नाही. खोकी तुझी आहेत, आता गाड्याही तुझ्याच. परत मागणार नाही.”

भावाच्या प्रत्येक मागणीला ताईकडे उत्तर तयार होतं. पण ही मागणीच नव्हती. ती मशीनपाशी बसून चाक उगाच पुढंमागं फिरवत राहिली. मग उठून तिनं फळीवरचं लाल खोकं काढलं आणि टेबलावर सरळ उपडं केलं. बटणं कापडावरून घरंगळत जमिनीवर गेली. भाऊ वाकून ती वेचू लागला.

लाल मोटार तिनं खोक्यात सरकवली. आतल्या पुठ्ठ्याच्या खोबणीत ती अगदी नेमकी बसली, जागा तिचीच होती. भाऊ मूठभर बटणं घेऊन उभा राहिला आणि मोकळ्या हातानं खोक्याचं झाकण दुमडायला गेला.

“थांब,” ताई म्हणाली आणि मोटार पुन्हा बाहेर काढून दाराशी, उजेडात गेली. नखानं तिनं मोटारीचं इवलंसं दार उघडलं.

“मी अजून नीट पाहिलीच कुठे आहे?”