पोटरीचं काम

आई न्हाणीघरात घसरून पडली, त्या दिवशी विज्ञानाच्या सरांना भर तासातून घरी धावावं लागलं होतं. हाड शाबूत होतं, नुसता मुका मार. पण सरांनी धसका घेतला. खिडकीपाशी खुर्ची मांडली, पाणी, फोन, रिमोट सगळं हाताशी ठेवलं आणि आईला बजावलं, "मी शाळेतून येईपर्यंत इथून हलायचं नाही."

"अरे, पाय आखडतात."

"आखडू देत. मोडले तर निस्तरणार कोण?"

आई खुर्चीत बसली. मोरीपर्यंत न्यायला तेवढी शेजारीण यायची. "मुलगा तुम्हाला तळहातावर जपतो हो," ती म्हणायची. सरांच्या कानावर ते आलं की त्यांना बरं वाटायचं.

वर्गात रक्ताभिसरणाचा धडा चालू होता, आणि सर शिकवायचे झकास.

"हृदय रक्त पायापर्यंत ढकलतं. पायातून वर परत कोण आणतं?"

"हृदयच!" वर्ग ओरडला.

"एवढ्या लांब येईपर्यंत त्या धक्क्यात दम उरत नाही. उठा, टाचा उचला!" सगळा वर्ग चवड्यांवर डुलायला लागला. "पोटऱ्या ताठल्या ना? त्यांनी आतल्या शिरा पिळल्या, की रक्त वर सरकतं. शिरांमधल्या झडपा त्याला पुन्हा खाली उतरू देत नाहीत. आता सांगा, नुसतं बसून राहिलं तर?"

"तुंबेल, सर," मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली.

"शाब्बास!" म्हणून सरांनी फळा पुसला.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी आईचा डावा पाय त्यांना दिसला. सुजून टम्म झालेला. पोटरी गरम, हात लावू देईना.

"कधीपासून?"

"झाले काही दिवस. तू दमून येतोस, म्हटलं कशाला सांगा."

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी केली. आतल्या शिरेत रक्ताची गुठळी होती. "ही सुटून फुप्फुसात गेली असती तर जिवावर बेतलं असतं," त्या म्हणाल्या. "दिवसभर बसून असतात का या?"

सरांनी तोंड उघडलं, पण आई आधी बोलली. "माझाच आळस, डॉक्टर. हा बिचारा रोज कानीकपाळी ओरडतो, आई, जरा चाल. मीच ढिम्म हलत नाही."

डॉक्टरबाईंनी तिला लहान मुलासारखं झापलं. मग सरांकडे वळून त्या पोटरीचं काम समजावू लागल्या.

"अहो, त्याला काय सांगता!" आई कौतुकानं म्हणाली. "तो शाळेत हेच तर शिकवतो."

डॉक्टरबाईंनी सरांकडे पाहिलं, मग त्या पायाकडे. सरांची कानशिलं तापली. 'मीच बसवून ठेवलं,' एवढंच म्हणायचं होतं. पण सर वाकून आईच्या चपला सरळ करत राहिले.

आईला दाखल करून घेतल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "खोटं का बोललीस?"

"मग काय, चारचौघांत तुझी शोभा करू?"

सरांची मान वर होईना. आईच्या हाडांची काळजी होती, नाही असं नाही. पण पुन्हा तास सोडून धावायला लागू नये, हे त्याहून मोठं होतं. तिला ते केव्हाच कळलं होतं का, हे विचारायचं धाडस त्यांना झालं नाही.

घरी आल्यावर रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू राहिल्या. शाळेआधी आणि शाळेनंतर सर तिला गल्लीत फिरवायला लागले. बसून बसून तिच्या पायांतलं त्राण गेलं होतं. ती त्यांच्या दंडाला धरून लटपटत चालायची, आणि कुणी ओळखीचं दिसलं की सरांना जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं.

पुढच्या तपासणीला सूज ओसरली होती. सर एकदम म्हणाले, "डॉक्टर, त्या दिवशी आई खोटं बोलली. तिला मीच उठू देत नव्हतो."

डॉक्टरबाईंनी औषधं लिहून पुरी केली. "आलं होतं माझ्या लक्षात. आता चालवता ना?"

"हो."

"मग चालवत राहा."

बाहेर आल्यावर आई फणकारली, "काय गरज होती उगाच उकरून काढायची?"

"होती."

"तुझ्या मनाला बरं वाटावं म्हणून. मला काय त्याचं?"

आईनं सरांचा हात सोडला, जिन्याचा कठडा धरला आणि एकेक पायरी उतरायला लागली.