पाय ओढण्याचा अर्थ

कारखान्यातली ती पहिलीच बाई वेल्डर. परीक्षेसाठी तिनं जोडलेल्या पाइपात दाबाखाली पाणी सोडून परदेशी तपासनीस अर्धा तास दाबमापकाच्या काट्याकडे बघत होता. शेवटी त्यानं चेहरा पाडून नकारार्थी मान हलवली. लगेच तो हसला आणि इंग्रजीत काहीतरी बोलला.

"म्हणतोय, मी तुझा पाय ओढत होतो," फोरमननं शब्दाला शब्द लावून सांगितलं.

ती भडकलीच. "माझे पाय ओढणारे इथं काय कमी होते, म्हणून हा विमानानं आला? विचारा त्याला, पाइप गळतोय कुठं?"

तिची नणंद तिथंच ऑफिसात टायपिस्ट होती. आरडाओरडा ऐकून ती धावत आली. तपासनीसाशी दोन वाक्यं बोलली आणि खो खो हसत सुटली.

"अगं वहिनी, इंग्रजीत पाय ओढणं म्हणजे थट्टा करणं! पास झालीस तू. एक थेंबसुद्धा गळला नाही."

तपासनीसानं ओशाळून प्रमाणपत्र पुढं केलं. तिनं ते फोरमनच्या हातात ठेवलं.

"वाचा. शेवटच्या मशीनपर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

फोरमननं घसा खाकरून वाचलं, आणि अख्खी शेड टाळ्यांनी दणाणली.