तिसरा खड्डा

त्या शनिवारी दुपारी हेमांगी ‘उत्खनन’ या शब्दापाशी अडली होती. मुलांच्या कोशासाठी अडीचशे शब्दांत नोंद द्यायची होती. जमीन थराथराने उकरणं, कुंचल्याने माती झाडणं, सापडलेल्या खापरांवर क्रमांक घालणं, यातच दीडशे शब्द गेले होते. मग खाणी, बोगदे, इमारतींचे पाये. शेवटी एक ओळ: ‘जलवाहिन्या टाकण्यासाठीही उत्खनन करतात.’

तिचे वडील सहदेव घाडी खांद्यामागून वाचत होते. बत्तीस वर्षं ते पाणी खात्यात बिगारी होते. कुदळीने चर खणायचे.

“एकच ओळ गो?”

“नाना, जागा नाही.”

“खापरांक बरी जागा गावली.”

ती हसली नाही. नळाला दोन दिवस पाणी नव्हतं. नाहूरच्या त्यांच्या इमारतीच्या फाटकाबाहेर ठेकेदाराची माणसं गळती शोधत दुसरा खड्डा खणत होती. नानांनी खिडकीतून वाकून पाहिलं आणि पायात चपला सरकवल्या.

“लाइन थंय नाय. ती भिंतीकडसून वळता. मदी खडक लागलो म्हणान आमीच वळयलेली. सांगान येतंय.”

“नका जाऊ,” हेमांगी म्हणाली. “नकाशा बघून खणतायत ते. तुम्ही आता खाली जाऊन त्या बिगाऱ्यांशी...”

नानांनी चपला काढल्या, चहा घेतला, संध्याकाळी मॅच पाहिली. रविवारी सकाळी ती त्यांना उठवायला गेली तेव्हा अंग गार पडलं होतं.

नाना बिगारी होते हे या इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हतं. चार वर्षांपूर्वी भांडुपच्या चाळीतून इथे राहायला आल्यावर सेक्रेटरी निमेशभाईंनी विचारलं होतं, “फादर इंजिनिअर होते काय?” ती म्हणाली, “पाणी खात्यात होते.” खोटं काहीच नव्हतं त्यात. त्या दिवसापासून लिफ्टमध्ये सगळे नानांना ‘घाडीसाहेब’ म्हणायचे. नाना आधी तिच्याकडे बघायचे, मग मान डोलवायचे. तिला त्यांनी एकदाही खोटं पाडलं नाही.

अर्ध्या भांडुपला पाणी पोचवलेल्या माणसाला शेवटची आंघोळ विकतच्या जारच्या पाण्याने घालावी लागली. भेटायला आलेली वनमालाआत्या पाय धुवायला मोरीत गेली आणि रिकामी बादली हातात घेऊन बाहेर आली. “अगो, सहदेवाच्या घरात पाणी नाय?”

हेमांगीने पुन्हा फोन लावला. टँकरवाला फोन उचलत नव्हता. उचललाच तर “निकला है मॅडम” म्हणायचा. त्यातच कोशाच्या संपादकांचा निरोप आला, नोंद लांबली आहे, शेवटची ओळ काढली तर चालेल का? तिने लिहिलं, ‘खापरं काढा.’ मग तिला स्वतःचाच राग आला. एवढ्याने काय होणार होतं?

बुधवारी तिसरा खड्डा पडला. तोही कोरडा निघाला. खालून निमेशभाईंचा आवाज चढला तशी ती सुतकातलीच उठून खाली गेली.

“हे काय मोहेंजोदडो आहे काय, यार?” निमेशभाई ठेकेदाराच्या इंजिनिअरवर ओरडत होते. तो निहार नावाचा तिशीतला माणूस होता. उन्हाने लालबुंद झाला होता. “फाटकातून गाडी निघत नाही, नळाला पाणी नाही!”

“नकाशात लाइन इथेच आहे, काका. मी काय करू?”

“इथे नाही,” हेमांगी म्हणाली. “मधे खडक आहे. लाइन भिंतीकडून वळते.”

खड्ड्यातल्या मुकादमाने घाम पुसत वर पाहिलं. “खडक तर लागलाय, ताई. पण तुम्हाला कसं माहीत?”

“मॅडम, असं कुणाच्याही सांगण्यावरून फुटपाथ फोडता येत नाही,” निहार म्हणाला.

“कुणाच्याही काय?” निमेशभाई उसळले. “यांचे फादर पाणी खात्यात मोठे इंजिनिअर होते. रविवारीच गेले बिचारे. त्यांच्या सहीचा नकाशा असणार ना!”

निहारचा सूर एकदम बदलला. त्याने वही काढली. “सॉरी, मॅडम. नाव सांगा साहेबांचं. जुन्या फाइली काढायला लावतो. सही मिळाली की उद्या-परवा तिकडे खणू.”

उद्या-परवा. म्हणजे कुणीतरी कपाटं उपसणार, नसलेली सही शोधणार, आणि तोवर वर आत्या जारच्या पाण्यात भांडी विसळणार. निमेशभाई अभिमानाने तिच्याकडे बघत होते. ‘पाणी खात्यात होते’ एवढं आताही म्हणता आलं असतं.

“सहदेव घाडी,” ती म्हणाली. “पण फाइलीत शोधू नका. त्यांची सही कुठे मिळायची नाही.”

“का?”

“ते इंजिनिअर नव्हते. बिगारी होते माझे वडील. भिंतीकडचा तो चर त्यांनी खणलाय, त्यांच्या हातांनी. शनिवारी तेच सांगायला ते खाली निघाले होते. मी येऊ दिलं नाही.” ती निमेशभाईंकडे वळली. “मला त्यांची लाज वाटायची.”