सड्यावरचा कडुनिंब

मार्गशीर्षातले सोनसळी ऊन. समुद्रावरून येणारा खारा, हलका वारा. आणि क्षितिजापर्यंत पसरलेला तांबूस, निर्वृक्ष सडा, कोकणातले सपाट पठार. वाळल्या गवतातून कातळ उघडा पडलेला. त्या उघड्या विस्ताराच्या मधोमध जांभ्या दगडाचे एक एकाकी घर.

त्या घरी सारजा नांदायला आली ती दूरच्या माणदेशातून. तिकडे पाऊस रुसलेला, पण दारोदारी कडुनिंब. निंबाच्या सावलीत ती रांगली, निंबाच्या फांदीला झुलली, निंबाखालीच तिला हळद लागली. इथे समुद्राचे निळे गाणे होते, चांदण्याचे रुपेरी सरोवर होते; पाठ टेकायला सावली मात्र नव्हती. नवरा ट्रकवर, आठवड्याने घरी यायचा. घरात उरायची ती आणि तिचे सासरे विश्राम. उभे आयुष्य चिरेखाणीत गेलेला, दगडाशी झुंजता झुंजता अबोल होऊन गेलेला वृद्ध.

पहिल्या आषाढात ती माहेरी गेली आणि परतली ती पदराच्या टोकाला पिकल्या, पिवळ्याधमक निंबोळ्या बांधून. अंगणाच्या कडेला कातळात एक खळगा होता. खालच्या मळ्यातून टोपली टोपली माती डोक्यावर आणून तिने तो भरला, आणि बाळाला पाळण्यात ठेवावे तशी एकेक बी मातीत ठेवली.

“नको गो लावू,” ओसरीवरून विश्राम म्हणाले. “हो कातळ आसा. हय गवतसुदा चार म्हयने जगता.”

“जगंल की, मामंजी. आमच्याकडं पाऊस न्हाई, तरी जगतंय.”

आणि एका धूसर, भिजल्या सकाळी माती किंचित हलली. एक वाकलेली पोपटी मान वर आली. माथ्यावर बीजाची फुटकी टोपी, तिच्याआड मिटलेली दोन पाने, जणू जोडलेले इवलेसे हात. सारजाने श्वास रोखून पाहिले. मग ती हसली. सासरी आल्यापासून पहिल्यांदा खळखळून हसली. विश्रामांनी चमकून मान वळवली. सुनेचे हसू असे असते, हे त्यांना ठाऊकच नव्हते.

पावसाच्या माऱ्यात तिने त्या रोपावर टोपली पालथी घातली. थंडीत त्याच्याशी माणदेशी बोलीत गुजगोष्टी केल्या. ऊन चढले तशी झावळीची सावली धरली, तांदूळ धुतलेले पाणी घातले. पान पान मोजू नये म्हणतात. ती मोजायची, आणि मोजताना मोहरायची.

पण चैत्र आला आणि कातळ तापला. पाने पिवळी पडली, शेंडा करपला. कितीही पाणी घाला, रोप मान टाकू लागले. सारजा दिवसभर तिथेच बसून राहिली. जेवायला उठली नाही.

“मामंजी,” ती म्हणाली, “आमच्याकडचं काही हितं रुजत न्हाई. झाडबी न्हाई, माणूसबी न्हाई. ह्यांना सांगा, मला माहेरी पोचवा.”

विश्राम उठले. आत गेले. खाण सुटल्यापासून कोपऱ्यात गंजत उभी असलेली पहार त्यांनी उचलली, छिन्नी घेतली, आणि रोपापासून वीतभर अंतर राखून कातळावर पहिला घाव घातला. धण्ण! सडा दुमदुमला. धण्ण! थकले दंड पुन्हा वर गेले. ज्या हातांनी जन्मभर दगड तोडला, ते हात आता एका कोवळ्या मुळाच्या भोवती हळुवार, हळुवार फिरत होते. मूळ दुखावू नये म्हणून घाव आवरत होते. ऊन चढले, उतरले. दुसऱ्या दिवशीही घाव चालू. तिसऱ्या दिवशी सारजाने पदर खोवला आणि ती बाजूला बसून खडे उपसू लागली.

अखेर कातळ चिरला. फटीत खोल हात घालून विश्राम म्हणाले, “हय हात घाल.”

तिने घातला. “मामंजी! ओलं हाय! माती हाय!”

“मुळाक वाट व्हयी होती गो,” घाम निपटत ते म्हणाले. “झाडाची चूक नाय. तुझी पण नाय.”

सारजाच्या डोळ्यांतून पाणी ओघळले. माहेरी जायची गोष्ट तिने पुन्हा काढली नाही.

आणि मग पालवी! ताम्रवर्णी, तलम, थरथरती पालवी. करपल्या शेंड्याशेजारून नवा शेंडा निघाला. पावसाळे गेले, उन्हाळे गेले. रोप गुडघ्याएवढे झाले, खांद्याएवढे झाले, कौलांच्या वर झुलू लागले. रोज सकाळी त्याला पाणी कोणी घालायचे, यावरून सासऱ्या-सुनेत लटकी भांडणे होऊ लागली.

एका गुढीपाडव्याला झाड पहिल्यांदा फुलले. सारजाने फुले खुडली, गुळात कालवली आणि पहिला घास सासऱ्यांच्या हातावर ठेवला. विश्रामांचे तोंड वेडेवाकडे झाले.

“कडू आसा गो!” ते म्हणाले, आणि पुन्हा हात पुढे केला.

वारा आला. मंद, मधुगंधी वारा. फांद्या शहारल्या, आणि शुभ्र, सूक्ष्म फुलांची झिमझिम सुरू झाली. सारजाच्या केसांवर, विश्रामांच्या उघड्या तळहातावर, ताज्या सारवल्या अंगणावर. फूल झरत राहिले, फूल झरत राहिले, शांत, शुभ्र, सावकाश.