पाठ केलेला तक्ता

गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची जड चौकट बसवून चष्मेवाली खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथे वीस फुटांवर अक्षरांचा तक्ता होता, वडिलांच्या वेळचा. त्याच्यामागचा दिवा लावायला तिने हात वर केला, तोच पाठीमागून आवाज आला.

"न. ल प. ट ग म. र व ख झ."

दिवा अजून लागायचा होता. अंधारात हा तक्ता म्हणू शकेल अशी बाई एकच.

"मुंगी?"

"ओळखलंस की, ताई. म्हटलं, मोठ्या माणसांना मुंग्या कुठल्या दिसायला."

नाव चष्मेवालीनेच ठेवलेलं. मुंगीची आई वडिलांच्या या चष्म्याच्या दुकानात झाडलोट करायची. दोघी एका वयाच्या, एका वर्गातल्या, तरी मुंगीने ताई म्हणायचं हेही तिनेच ठरवलेलं. मुंगीला फळ्यावरचं दिसत नाही, हे फक्त तिलाच ठाऊक होतं. एकदा वडिलांनी कामाला येणाऱ्या सगळ्यांच्या पोरांचे डोळे तपासायचं काढलं, तेव्हा ती मुंगीला म्हणाली, "डोळे खराब निघाले की शाळेतून नाव काढतात." आणि दोन दुपारी बसून तिच्याकडून तक्ता घडाघडा पाठ करून घेतला. वडील खूश झाले. "घारीची नजर आहे पोरीची." नाहीतर त्यांनी चष्मा फुकट दिला असता. चष्मेवालीला हे तेव्हाही माहीत होतं.

मग फळा वाचून दाखवायला ताई लागायचीच. त्याच्या बदल्यात मुंगी तिचं दप्तर उचलायची, तिच्या वाटची बोलणी खायची.

मोठ्या शाळेत बिनफीची एकच जागा होती. परीक्षेची गणितं फळ्यावर लिहिलेली. मुंगीचं गणित कधी चुकत नसे. चष्मेवालीने ती तिच्या कानात वाचून दाखवताना अठ्ठेचाळीसचे अठ्ठावन्न केले. जागा चष्मेवालीला मिळाली, जिचा बाप फी सहज भरू शकत होता. मुंगी शिवणकामाला लागली. जवळचं तिला लख्ख दिसायचं.

हे सगळं आता आठवलं, पण आत काही हललं नाही. भूल दिलेल्या हिरडीला जीभ लावावी तसं. जागा कळते, दुखत नाही.

"आज कशी काय आलीस?"

"बढती आहे. शिवणाऱ्या बायकांवर मुकादम करतायत मला. समोरच्या भिंतीवर आकडे लिहितात, ते वाचून सांगायचे. सोमवारी परीक्षा. म्हटलं, या वेळी आपलं आपण वाचावं."

चष्मेवालीने दिवा लावला आणि परत येऊन एकेक भिंग चौकटीत सरकवलं. मायनस तीन. मायनस साडेतीन. मग तक्त्याशी जाऊन उभी राहिली.

"शेवटची ओळ. उलटीकडून."

मुंगीने अडखळत, पण बरोबर वाचली. मग तिची नजर तक्त्यावरून शेजारी उभ्या असलेल्या बाईच्या तोंडावर आली आणि तिथेच थांबली. वीस फुटांवरून.

"त्या दिवशी फळ्यावर किती लिहिलं होतं गं, ताई?"

'आता कुठे आठवतंय' हे जिभेवर तयार होतं. तीस वर्षं तयार होतं.

"अठ्ठेचाळीस."

मुंगीने ओठांतल्या ओठांत काहीतरी गुणलं.

"म्हणजे रीत बरोबर होती माझी."

"हो."

"मी समजत होते, आपल्याला गणित येत नाही. पोरींनाही कधी शिकवायला बसले नाही. म्हटलं, चुकीचं शिकतील."

"मुंगी, मी..."

मुंगीने चौकट उतरवून जपून टेबलावर ठेवली.

"चष्मा कधी मिळेल, मॅडम?"

"शनिवारी."

चष्मेवालीने कार्डावर नंबर लिहिला आणि तो वाचून दाखवायला तोंड उघडलं. मुंगीने कार्ड तिच्या हातातून घेतलं, डोळ्यांजवळ नेलं आणि आकडा स्वतः वाचला. मग दिव्याखाली धरून आणखी एकदा वाचला.