रेशमाला अडकणारा हात

माझ्या हातांची गोष्ट मीच सांगते. दुसरं कुणी सांगेल तर पदरचं पाणी घालेल.

मी रफू करते. फाटलेलं कापड असं सांधते की मालकालाच विचारावं लागतं, कुठे फाटलं होतं हो? शाळेत दोन वर्षं गेले तेवढीच. अक्षरांनी मला कधी दाद दिली नाही, पण आकडे येतात. टेपवरचं अर्धं सूत मला चष्म्याशिवाय दिसतं. दुकान खाली, घर वर. खिडकीजवळची खुर्ची माझी, कारण उजेड तिथेच येतो आणि रेशमाचं काम उजेडाशिवाय होत नाही. सून मागच्या टेबलाशी बसते, लोकरी आणि सुती कपडे घेऊन. ती या घरात आली तेव्हा तिला बटण लावता येत नव्हतं. बारा वर्षं शिकवलं. शेजारची शिंपीण म्हणायची, "सगळं शिकवू नका हो सुनेला." मी म्हणायचे, "तुझ्याकडे शिकवण्यासारखं असतं तर कळलं असतं तुला."

गेल्या वर्षी मुलाला छापखान्यात चक्कर आली. सुनेने त्याला डॉक्टरकडे नेलं आणि जाता जाता मलाही ओढलं. दोघांचं रक्त तपासलं. तीन दिवसांनी ती कागद घेऊन आली आणि जेवायच्या टेबलाशी उभं राहून तिने तो वाचून दाखवला.

"यांचं सगळं ठीक आहे. आई, तुमच्या रक्तात मात्र चरबी फार झालीय. तेल, लोणी, अंडी, शेंगदाणे, सगळं बंद करायला सांगितलंय."

मुलाने हातातला तळलेला बटाटा ताटात ठेवला. हा माणूस लहानपणी तळणाच्या वासाने तापातून उठून बसायचा. म्हणाला, "आई खाणार नाही तर मीही नाही खाणार. घरात एकच स्वयंपाक होईल."

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या गल्लीला सांगून आले. पोटचं पोर आईसाठी जीभ मारतं, हे सांगायला मला लाज कसली?

सुनेने तो कागद माझ्याच हाती दिला. "यांनी पाहिला तर काळजी करत बसतील. तुम्हीच जपून ठेवा." मी तो घडी करून सुयांच्या डब्यात ठेवला.

पथ्य पाळावं तर माझ्यासारखं. वर्षभर उकडलेल्या भाज्या, कोरडी भाकरी, पाण्यासारखं वरण. सुनेने दोन-तीनदा दुपारी मूठभर शेंगदाणे पुढे केले. "घ्या आई, एवढ्याने काही होत नाही." मी वाटी परत सरकवली. "तुझ्या नवऱ्याने माझ्यासाठी सोडलंय. मी चोरून खाऊ?" तिची मान खाली गेली. मला वाटलं, शरमली माझ्यापुढे.

मग थंडी आली. हात दर थंडीत थोडे कोरडे व्हायचे, पण या वेळी बोटांची टोकं किसणीसारखी झाली. नडग्यांवर भेगा, ओठांना रक्त. खुर्चीच्या हातावर मी रेशमाची एक चिंधी टाचून ठेवली आहे. रोज सकाळी तिच्यावरून बोट फिरवते. बोट गुपचूप सरकलं तर रेशीम हाती घ्यायचं. या थंडीत चिंधी रोज खर्रकन् अडकायची.

शिंपीण म्हणाली, ग्लिसरीन लावा. रात्री लावायचे, मोजे घालून झोपायचे हातांत. सकाळी हात धुतले की पुन्हा किसणी. आणि दिवसा तर काही लावायची सोयच नाही. तेलकट बोट रेशमाला लागलं की डाग पडलाच. आमच्या धंद्यात कातडीला तेल मिळायचं तर आतूनच मिळायला हवं, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

अशात वकीलबाईंनी त्यांच्या आईची रेशमी शाल आणली. आई जाऊन महिना झाला होता. खिळ्याला अडकून बोटभर फाटली होती. "आजी, तुमच्याशिवाय कुणाला देणार नाही," म्हणाल्या. मी खिडकीत बसले, सुई ओवली, कापडाखाली बोट घातलं. बोटाच्या भेगेत धागा अडकला आणि ओढला गेला. बोटभर फाटलेलं दीड बोट झालं.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या हाताने कापड फाटलं.

सून उठून आली. हळूच म्हणाली, "आई, मी करू?"

मी खुर्चीतून उठले.

दुसऱ्या दिवशी सुयांच्या डब्यातला कागद घेऊन एकटीच डॉक्टरकडे गेले. हात पुढे केले. त्यांनी बोटं उलटसुलट पाहिली, नडग्या पाहिल्या.

"आजी, जेवता काय?"

सांगितलं.

"पाणी?"

"थंडीत कमीच. मोरी वरच्या मजल्यावर आहे, जिने कोण चढणार?"

"वर्षभर तेलाचा थेंब नाही, पाणी नाही, त्यात वय. कातडी मऊ राहणार कशाने? वरून कितीही चोपडा. तेल बंद करायला सांगितलं कुणी?"

"तुम्हीच."

"मी?"

मी कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला, माझ्याकडे पाहिलं, संगणकात काहीतरी शोधलं. "तुमचा रिपोर्ट इथे आहे. चांगला होता. हा तुमचा नाही, आजी. वय बघा ना."

त्यांनी बोट ठेवलं तिथे मी पाहिलं. त्रेचाळीस.

मी सदुसष्ट वर्षांची आहे. त्रेचाळीस माझ्या मुलाला लागलं होतं. त्याचा बाप चव्वेचाळिसाव्या वर्षी भरल्या ताटावर गेला. हा आकडा मी झोपेतही ओळखला असता. वर्षभर तो माझ्या सुयांखाली पडून होता आणि मी एकदाही घडी उघडली नाही. का उघडीन? घरच्या माणसाने वाचून दाखवलं होतं.

दुकानात आले तेव्हा सून खिडकीत होती, शाल मांडीवर. मी कागद शालीवर ठेवला.

"वाच. या वेळी खरं वाच."

तिने वाचला नाही. सुई काळजीपूर्वक कापडात खोचून ठेवली, तसं मीच शिकवलं आहे.

"मी सांगितलं असतं तर ऐकलं असतं त्यांनी? तुम्ही बाहेर रक्त देत होतात तेव्हा डॉक्टरांनी खाणं जपायला सांगितलं, तर हसले होते. म्हणाले, बाप गेला तसा जाईन, खाऊन तरी जाईन. तुमच्यासाठी मात्र एका क्षणात सोडलं."

"मग मला सांगायचं होतंस. मी खोटं आजारी पडले असते. नाटक मला येत नाही का?"

"तुम्ही त्यांना धरून रडला असता, आई. दोन दिवसांत त्यांना कळलं असतं."

"आणि माझे हात?"

"ते असे होतील हे मला माहीत नव्हतं."

"आणि झाल्यावर? दीड महिना बघते आहेस. आता तर या खुर्चीत बसून बघते आहेस."

यावर ती काही बोलली नाही. वर्षभरात पहिल्यांदा ती माझ्याशी खोटं बोलली नाही, असं म्हणते मी.

शाल उचलून उजेडात धरली. रफू कुठून सुरू झालं ते मला सापडेना. एक टाका तरी चुकला असता तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी मुलगा जेवायला बसला. त्याची दुसरी तपासणी झाली होती म्हणे, छापखान्यातर्फे, आणि सगळं छान निघालं. उकडलेला भोपळा खात म्हणाला, "बघ आई, तुझ्यामुळे माझंही भलं झालं. अजून दहा वर्षं काढीन मी असं, तुझ्यासाठी."

सून माझ्याकडे बघत होती. मी भोपळा गिळला. म्हटलं, "काढ बाबा."

तेव्हापासून माझं खरं जेवण दुकानात, मुलाच्या नकळत. ड्रॉवरमध्ये तीळ, शेंगदाणे, दुपारी एक अंडं, भाकरीवर तेल. पाण्याचा तांब्या शेजारी, आणि जिने चढते, गुडघे काहीही म्हणोत. सून अंडं उकडून आणते, मी खाते. आभार मानत नाही.

वकीलबाई शाल न्यायला आल्या. "आजी, तुमच्या हाताला तोड नाही."

"हात सुनेचा आहे," मी म्हटलं. तिचे डोळे भरले. मी म्हटलं, "रडू नकोस. तुझं कौतुक नाही केलं, खरं सांगितलं. या घरात कुणीतरी सांगायला हवं."

दीड-दोन महिन्यांनी एका सकाळी चिंधीवरून बोट फिरवलं आणि काही अडकलं नाही. पुन्हा फिरवलं. गुपचूप. सुनेला म्हटलं, "ऊठ." ती उठली, लोकर घेऊन मागच्या टेबलाशी गेली. काम आम्ही आधीसारखंच करतो. कात्री मागितली की ती कात्री देते.

परवा एका गिऱ्हाइकाने कपड्यासोबत चिठ्ठी पाठवली. सुनेने वाचून दाखवली: बाही दोन बोटं आखूड करा, अठ्ठावीस तारखेला हवं. मी चिठ्ठी घेतली. अठ्ठावीस होतं, दोनही होतं. बाकीचं घेऊन मी शेजारच्या शिंपिणीकडे गेले. म्हटलं, "जरा वाच गं, काय लिहिलंय."

आमच्या दुकानाच्या खिडकीतून सून बघत होती. बघू दे.