मॅटखालचा सडका पत्रा

मी एक जुनी मोटार आहे. मित्रांनो, माझे वय चौदा वर्षे, म्हणजे आम्हा गाड्यांत मी आजीबाईच.

चांदूर बाजारच्या नत्थुजींनी मला कोरी करकरीत घेतली. घरची बसायची गाडी मी, पण संत्र्याचा हंगाम आला की मागची सीट काढून काचेपर्यंत संत्री भरायचे. मी कुरकुरले नाही. दसऱ्याला झेंडूचा हार घालून माझी पूजा व्हायची, गाव कौतुक करायचे. पण पिचलेल्या संत्र्यांचा रस मॅटखाली मुरत होता, तिथे मात्र बारा वर्षांत कुणी पाणी मारले नाही. माझा पत्रा आतून सडत गेला.

पुढे नत्थुजींची नजर अधू झाली. मला रिकामी करताना फाटक्या मॅटखालचा सडका पत्रा त्यांच्या हाताला लागला. त्यांनी मला परतवाड्याच्या पिंटूशेठकडे विकायला ठेवले. शेठने मला घासूनपुसून, फाटक्याच्या जागी नवे मॅट टाकून नव्या नवरीसारखे सजवले. "या आठवड्यात गिऱ्हाईक नाई लागलं, तर अकोल्याच्या भंगारात," असेही तो म्हणाला. मी मनातून हादरले.

दोन दिवसांनी गाद्या-रजया शिवणारे ताहेरभाई आणि त्यांची बायको रहिमाबी आले. माझ्या शेजारी तीन वर्षांची, दुधासारखी पांढरी गाडी उभी होती. ताहेरभाई तिच्यावरच लट्टू झाले. ती थंडगार, गुळगुळीत, पेट्रोलही कमी पिणारी. रहिमाबीला मी आवडले होते. मी उंच होते, माझ्यात रजयांचे गठ्ठे मावत होते.

"मांगं आमची पोरगी अरीबा बसीन," ती म्हणाली.

कागदावर सही करायला नत्थुजी आले होते. शेठने डोळ्याने खूण केली, पण ते बोललेच. "भाभी, थांबा. मांगचा पत्रा सडला हाय. लेकराचा पाय खाली जाईन. मॅट उचलून पाहा."

मॅट उचलले गेले. मित्रांनो, लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. आता भंगारच, असे मी धरून चालले.

रहिमाबीने पांढऱ्या गाडीकडे बोट केले. "हिचा मालक कुठी हाय?"

"तो पुण्याले गेला. फोन नाई लागत," शेठ पुटपुटला.

"मंग हिचा ऐब आमाले कोन सांगीन? आमाले हेच जुनी पायजे. पयले पत्रा बदलून द्या."

ताहेरभाईंना ते पटले. त्यांनी योगेश मिस्त्रीला बोलावले. त्याने खाली झोपून मला ठोकून पाहिले. बाकी अंग ठणठणीत निघाले. सडका पत्रा कापताना फार दुखले, नवा जोडल्यावर हायसे वाटले. निघताना नत्थुजींनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला. "जाय माय," एवढेच म्हणाले. माझेही मन भरून आले.

मित्रांनो, आम्हा मुक्या गाड्यांना आपले दुखणे सांगता येत नाही. वरून पुसता, तसे कधी खाली वाकूनही पाहा. आणि आम्हाला दुसऱ्याच्या हाती देताना आमचे दुखणे झाकू नका. नत्थुजींनी चारचौघांत माझा ऐब सांगितला, म्हणूनच आज दोन वर्षांनंतरही मी रस्त्यावर धावते आहे.